कुणाकडून ऐकलास?

(जालना येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षं बसलो. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच्या आगेमागेचा तो काळ. गुरुजी मराठी शिकवायचे. एखाद्या पोराच्या तोंडून अनोळखी शब्द आला की दुसरे मास्तर विचारत, "अर्थ काय रे याचा?" गुरुजी विचारत, "कुणाकडून ऐकलास?" उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "तो माणूस तेव्हा काय करत होता?"

या दोन प्रश्नांचं मोल मला फार उशिरा कळलं. आज तेच दोन प्रश्न हाती धरून मी एका शब्दाच्या मागे जाणार आहे. शब्द दोन अक्षरांचा आहे : बार. तो निवडला याचं कारण एवढंच, की या जिल्ह्यात दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो किती जणांच्या तोंडी येतो आणि किती अर्थांनी येतो, हे मोजू लागलो आणि थक्क झालो.

मोंढ्यापासून निघू या. हमाल तुरीचं पोतं पाठीवरून काट्यावर उतरवतो, मापाडी आकडा पुकारतो आणि पट्टी करताना मुनीम म्हणतो, "बारदान वजा." पन्नास किलोच्या तागाच्या रिकाम्या पोत्याचं वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर भरतं. तेवढं मालातून कमी होतं. २०१७ साली राज्यात तुरीचं अमाप पीक आलं, सरकारी खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि ठिकठिकाणी बारदाना नाही म्हणून खरेदी अडली. शेतकऱ्याच्या घरात वर्षभराचं पीक पडून होतं आणि ते अडलं होतं एका रिकाम्या पोत्यापायी. ज्यांनी त्या रांगेत रात्री काढल्या, त्यांना बारदान या शब्दाचा अर्थ कोशात बघावा लागत नाही.

हा शब्द फारसी. 'बार' म्हणजे ओझं आणि 'दान' म्हणजे ते ठेवायची जागा. फुलदाणी, अत्तरदाणी, पिकदाणी यांतली 'दाणी' तीच. आता फारसी 'बार' आणि संस्कृत 'भार' शेजारी ठेवून पाहा. ही सख्खी भावंडं आहेत. मूळ एक, पण इराणकडच्या भाषांत 'भ' चा 'ब' झाला. हे एका जोडीवरून म्हणत नाही. आपला 'भ्राता' तिकडे 'बिरादर' झाला, आपली 'भूमी' तिकडे 'बूम' झाली. तोच बदल पुन्हा पुन्हा, त्याच जागी दिसतो, म्हणून नातं खरं मानायचं. इंग्रजीत वाहून नेणं या अर्थाचं 'बेअर' हे क्रियापदही याच घरातलं.

आणि आपल्या रानात याच घरातला एक शब्द आहेच : कडब्याचा भारा. मोंढ्याच्या फाटकाबाहेर गाडीवर कडब्याचे भारे रचलेले असतात आणि आत बारदानाच्या थप्प्या लागलेल्या असतात. 'भारा' संस्कृत-प्राकृताच्या वाटेने इथेच राहिला, 'बारदान' फारसी कारभाराबरोबर फिरून आलं. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले हे दोघे भाऊ जालन्याच्या मोंढ्यात एका भिंतीच्या आत-बाहेर उभे आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

याच 'ओझ्या'चे आणखी दोन शब्द मराठ्यांच्या इतिहासाने जपले. सैन्याचं सामानसुमान वाहणारी जनावरं आणि त्यांचा खर्च म्हणजे बारबरदारी. आणि बारगीर. फारसीत बारगीर म्हणजे ओझं घेणारा, म्हणजे घोडा. मराठी फौजेत मात्र ते नाव घोड्यावरून स्वारावर आलं. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. ओझं वाहणाऱ्याचं नाव ओझं होऊन बसणाऱ्याला मिळालं.

फौजेचा विषय निघाला तर असईला गेलंच पाहिजे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जिल्ह्यातल्या या गावापाशी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची कंपनीची फौज यांची लढाई झाली. हेच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाले. शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी इंग्रजांची भयंकर हानी केली. त्या तोफांत आणि बंदुकांत जो भरायचा तोही बारच. नळीत दारू ठासायची, गोळी घालायची, म्हणजे बार भरला. बत्ती दिली की बार उडाला. खाली गेला तर फुसका बार. लढाया संपल्या, पण क्रियापद राहिलं. आजही आपण म्हणतो, "औंदा दिवाळीनंतर पोरीच्या लग्नाचा बार उडवून टाकू."

इथे क्षणभर थांबा. बंदुकीच्या बारात असते दारू. रस्त्याच्या कडेला 'परमिट रूम व बार' अशी पाटी असते, तिथेही दारूच असते. मग हे दोन बार एकच का? कान म्हणतो, एकच. पण दुसरा बार इंग्रजी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'बार' म्हणजे आडवा दांडा, अडसर. त्याच्या मागचा माग भाषाशास्त्राला अजून लागलेला नाही. खाणावळीत गिऱ्हाईक आणि विकणारा यांच्यामध्ये आडवी फळी असे, त्या फळीचं नाव सगळ्या दुकानाला मिळालं. न्यायालयात न्यायाधीशांची जागा आणि लोकांची जागा यांच्यामध्ये कठडा असे, त्या कठड्यावरून वकीलवर्गाला 'बार' म्हणू लागले आणि त्यातूनच 'बॅरिस्टर' आला. आणि दारू? फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्याकडे ती तोफेतही गेली आणि पेल्यातही. म्हणजे दोन वेगळ्या मुळांचे बार आणि दोन अर्थांची एकच दारू अशी ही भेट आहे. नुसत्या कानावर विसंबणारा माणूस इथे हमखास चुकतो.

आता मोसंबीच्या बागेत चला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. बागायतदार सांगतो, "यंदा आंबे बार धरलाय." बार धरणं हे मोठ्या जोखमीचं काम. डिसेंबरात झाडाचं पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडतात, थोडी गळतात. बघणाऱ्याला वाटतं, बाग वाळली. बागायतदार रोज झाडांतून फिरतो, पान हातात घेऊन पाहतो. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच जातं. जानेवारीत नेमक्या दिवशी खत घालून पाणी सोडलं की फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतात. आंब्याला मोहोर येतो त्या दिवसांतला म्हणून आंबे बहार. जून-जुलैत मृगाच्या पावसावर येतो तो मृग बहार, परतीच्या पावसाच्या सुमारास येतो तो हस्त बहार. बोलण्याच्या ओघात 'बहार'मधला 'ह' विरतो आणि उरतो बार.

'बहार' म्हणजे फारसीत वसंत ऋतू. आणि खोलात गेलं तर संस्कृत 'वसंत' आणि फारसी 'बहार' हेही एकाच मुळाचे फुटवे आहेत. दोन्ही शब्दांत आज एकही अक्षर जुळत नाही, तरी नातं पक्कं आहे. आपला शेतकरी मृग बहार म्हणतो तेव्हा तो अक्षरशः मृगातला वसंत म्हणत असतो. आखाडात फुललेल्या झाडाला एवढं नेमकं नाव कुठल्याही पंडिताने दिलेलं नाही.

मोसंबी हे नावही दूरचं. ते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोझांबिकवरून आलं. त्याच किनाऱ्यावर आणखी वर एक बेट आहे, झांझिबार. तिथल्या 'बार'चा अर्थ किनारा, प्रदेश. फारसी बोलणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी समुद्रकाठच्या मुलुखांना लावलेलं हे शेपूट आहे, आणि आपल्या मलबारलाही तेच लागलं. जालन्याहून समुद्र इतका लांब, तरी समुद्राचा एक 'बार' मुंबईच्या मलबार हिलवरून आपल्या ओळखीचा झालाच.

पाऊस नीट पडला तर बागेचं बोलायचं. जून कोरडा गेला तर गावात वेगळाच बार ऐकू येतो : दुबार पेरणी. जालना ही बियाण्यांची राजधानी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण उत्तमातलं उत्तम बियाणंही ओल नसेल तर मातीत मरतं. मग पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा उसनवारी. फारसीत 'बार'चा एक अर्थ खेप. हिंदी 'बारबार' म्हणते, आपण 'वारंवार' म्हणतो. 'दुबार' म्हणजे दुसऱ्या खेपेला. शब्द साधा हिशेबाचा आहे. पण मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या तोंडून तो ज्या आवाजात येतो, तो आवाज कुठल्या कोशात मावत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात उभ्या बागा वाळल्या. एकाच माणसाने एका वर्षी 'बार धरला' म्हणावं आणि दुसऱ्या वर्षी 'दुबार पेरली' म्हणावं, या दोन बारांच्या मध्ये त्याचं सगळं आयुष्य येतं.

दोन जुने जोडशब्द घेतो. दरबार आणि घरबार. 'दरबार'मध्ये 'दर' म्हणजे दार आणि 'बार' म्हणजे राजाची भेट, आत येण्याची मुभा. 'घरबार'मध्ये मात्र 'बार' म्हणजेच दार. संस्कृत 'द्वार'चं हिंदीकडे 'बार' झालं, गुजरातीत दाराला बारणं आणि खिडकीला बारी म्हणतात. मराठीने 'द' राखला, म्हणून आपलं 'दार', आपलं 'घरदार'. पण 'द्व'चा 'ब' मराठीलाही परका नाही. 'द्वादश'चे आपण बारा केले, त्यातून बारसं आलं, बारा बलुतेदार आले. लहानपणी घोकलेला पाढा आठवा : बे एके बे, बे दुणे चार. 'बे' आणि 'दुणे' दोन्ही त्याच 'द्वि'ची लेकरं. एकाने 'ब' घेतला, दुसऱ्याने 'द'. पाच वर्षांचं मूल एका ओळीत दोन हजार वर्षांचा ध्वनिबदल म्हणून जातं.

जालन्याजवळ बेथेल आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवलेलं. 'बेथेल' हिब्रू आहे, अर्थ देवाचं घर. तिथल्या भाविकाला शुभवर्तमानातला आंधळा बार्तीमय ठाऊक असतो. येशूच्या काळी बोलली जाणारी अरामी भाषा, तीत 'बार' म्हणजे मुलगा. बार्तीमय म्हणजे तीमयाचा मुलगा. ज्यू मुलगा वयात येतो तेव्हाचा बार मित्झ्वा हा विधीही त्याच 'बार'चा. या बाराचं ना ओझ्याशी नातं, ना दाराशी, ना वसंताशी. तो दुसऱ्याच भाषाकुळातून आला आणि उपासनेच्या वाटेने या मातीत रुजला.

शेवटचा मुक्काम औद्योगिक वसाहतीत. गुरुजींच्या काळी सळईच्या धंद्याचा पसारा आजच्याएवढा नव्हता. आज जालना म्हटलं की सळई. भट्टीत भंगार वितळतं, त्याचे बिलेट होतात, ते पुन्हा तापवून रोलिंग मिलमधून काढतात. कामगार सळईला बारच म्हणतात. लालबुंद बार रुळांवरून सापासारखा धावत येतो आणि पाण्याच्या पेटीतून जातो. बाहेरचा थर एका क्षणात थंड होऊन कडक बनतो, आतला गाभा तापलेला राहतो आणि हळूहळू निवतो. म्हणून वरून टणक आणि आतून लवचीक अशी सळई मिळते. ते पाणी जोरात लागतं. पंपाजवळ दाब दाखवणारी तबकडी असते, तिच्यावर काटा फिरतो आणि आकड्यांखाली लिहिलेलं असतं : बार.

रुळांवरून धावतो तो बार इंग्रजी, आडव्या दांड्याचा. तबकडीवरचा बार वेगळा. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म ब्यर्कनेस या नॉर्वेच्या हवामानशास्त्रज्ञाने रूढ केला. एक बार म्हणजे एक लाख पास्कल, समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी. भूगोलाच्या पुस्तकातला मिलिबार त्याचाच हजारावा भाग. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचा पट्टा झाला, असं आपण ऐकतो तो दाब मोजायचं हे माप. ज्याच्यावर दुबार पेरणी टळणार की नाही हे ठरतं, त्याच्याही मापाच्या नावात बार आहे. ब्यर्कनेसने शब्द घेतला ग्रीकमधून. 'बारोस' म्हणजे वजन, 'बारुस' म्हणजे जड.

कान म्हणेल, सापडलं! ग्रीक 'बारोस' म्हणजे वजन, फारसी 'बार' म्हणजे ओझं, संस्कृत 'भार'. तिन्ही एकच! अर्थ जुळतो, आवाज जुळतो, आणखी काय हवं? पण हे खरं नाही. संस्कृत 'भ'च्या जागी ग्रीक 'ब' येत नाही, 'फ'सारखा ध्वनी येतो. ग्रीकमध्ये जिथे असा 'ब' येतो, तिथे संस्कृतात अनेकदा 'ग' असतो. आपली 'गौ' ग्रीकांची 'बूस'. त्याच नियमाने ग्रीक 'बारुस' म्हणजे आपला 'गुरु'. संस्कृतात 'गुरु'चा पहिला अर्थ जड, वजनदार, 'लघु'च्या उलट. छंदातले गुरु-लघु त्याच अर्थाचे. ज्याच्या शब्दाला वजन आहे तो गुरु, हा अर्थ त्यातूनच आला.

मंडळी, रोलिंग मिलमधल्या तबकडीवरचा तो शब्द आणि ज्यांच्या तसबिरीला आपण आज हार घातला त्यांना आयुष्यभर लावलेली हाक, या दोघांचं मूळ एक आहे. हे मला कळलं त्या दिवशी मी बराच वेळ गप्प बसून होतो.

या एका शब्दाने मला शिकवलं ते आता सांगतो. सारखे ऐकू येणारे शब्द नात्यातले असतीलच असं नाही, आणि नात्यातले शब्द सारखे ऐकू येतीलच असं नाही. बार आणि बार परके निघतात, वसंत आणि बहार सख्खे निघतात. म्हणून आवाजाच्या साम्यावर व्युत्पत्ती उभारून अभिमान मिरवणं, किंवा परका म्हणून एखादा शब्द हाकलणं, दोन्ही घाईचं आहे. शिवकालात राज्यव्यवहारकोश झाला, कारभारात फारसीऐवजी संस्कृत शब्द यावेत म्हणून. त्या काळाची ती गरज होती आणि त्यामागचा स्वाभिमान आपला आहे. पण बारदान, बहार, दुबार हे शब्द आज कुणा दरबाराचे राहिलेले नाहीत. हमालाच्या पाठीने, बागायतदाराच्या ताणाने, शेतकऱ्याच्या उसनवारीने ते कमावलेले आहेत. जो शब्द ज्याच्या घामात भिजला, तो त्याच्या भाषेचा झाला.

म्हणूनच गुरुजींचे दोन प्रश्न हीच मला शब्दाकडे जायची खरी वाट वाटते. 'बार'चा अर्थ काय, याला उत्तर नाही. बार कुणी म्हटलं आणि काय करताना म्हटलं, याला मात्र दर वेळी नेमकं उत्तर आहे.

मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ या काळातले. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ चा, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. या माणसांचे आपल्यावर डोंगराएवढे उपकार आहेत. पण रोलिंग मिल त्यांनी पाहिली नव्हती, आणि मोसंबीच्या बागेतले आजचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचायचे नव्हतेच. ते काम आपलं आहे. मोंढ्यातला एकेक जुना मापाडी, एकेक जुना बागवान जातो, तेव्हा त्याच्याबरोबर मूठभर शब्द कायमचे जातात.

या सभागृहात शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांतल्या शाळांत मुलांच्या वहीचं शेवटचं पान यासाठी राखून ठेवा. त्यावर तीन रकाने आखा : शब्द, कुणाकडून ऐकला, तेव्हा तो माणूस काय करत होता. अर्थाचा रकाना नको. बापाकडून, आजीकडून, शेजारच्या चाचांकडून, तांड्यावरच्या मावशीकडून मुलं शब्द आणतील. मराठी, दखनी, मारवाडी, गोरबोली, सगळे एका पानावर येतील, जसे ते रोज एका रस्त्यावर येतात. अशी हजार पानं जमली की जालन्याचा शब्दकोश तयार होईल, आणि त्यातला प्रत्येक शब्द एका माणसाच्या आणि त्याच्या कामाच्या नावासकट उभा असेल.

पहिल्या पानाची पहिली ओळ मी आजच भरतो. शब्द : बार. तेव्हा तो माणूस काय करत होता : हातात खडू घेऊन फळ्याजवळ उभा होता आणि आमच्या उत्तराची वाट पाहत होता. कुणाकडून ऐकला : गुरुजींकडून.